आधी पाणी माग

प्रिय बाळ,
सलाम.

रविवारी उपासना सुटल्यावर पायरीवर थांबून तू विचारलंस, "काका, वस्तीत तांदळाच्या पिशव्या वाटून आले की घरी मला रिकामं रिकामं का वाटतं? माझ्यात प्रीतीच नाही का?" मागे पाळकसाहेब उभे होते, म्हणून मी काहीतरी थातुरमातुर बोललो. ते तेव्हापासून टोचतंय.

सेवा का करावी हे तुला सांगत बसत नाही. मत्तयाचा 25 वा अध्याय तू संडेस्कूलमध्ये तोंडपाठ म्हणून दाखवला होतास, मीच बक्षीस दिलं होतं. प्रीती तुझ्यात भरपूर आहे. मला एवढंच सांग, त्या अठरा घरांपैकी किती घरांत तू पाणी प्यायलीस?

उत्तर मला ठाऊक आहे, कारण मी तुला पाहिलंय. चपला पायातच. दाराशी पिशवी, दीड मिनिटाची प्रार्थना, ग्रुपवर टाकायला एक फोटो, की पुढचं घर. तहान लागली तर खांद्यावरच्या झोळीत स्वतःची बाटली. तुला रागावत नाही, ही पद्धत आपल्या मंडळीत मीच बसवली. डीकन म्हणून मंडळीच्या सेवेचं काम माझ्याकडे आलं तेव्हा वहीत रकाने आखले, दोन तासांत चाळीस घरं उरकायचो आणि त्याचा मला अभिमान होता.

खरं तर मला कळायला हवं होतं. 1972 च्या दुष्काळात मी स्वतः सुकडीच्या रांगेत उभा राहिलोय. वाटणाऱ्याचा हात आठवतो, डाव आठवतो. चेहरा आठवत नाही. त्यानंही माझा पाहिला नसणार.

स्टेशनपलीकडच्या वस्तीत एक मावशी होत्या. दर महिन्याला म्हणायच्या, "मास्तर, बसा, चहा टाकते." मी म्हणायचो, "राहू द्या मावशी, अजून बारा घरं आहेत." असं दोन वर्षं चाललं. तिसऱ्या वर्षी त्यांनी पिशवी घेतलीच नाही. म्हणाल्या, "तुम्हाला आमच्या घरचं पाणी चालत नाही, मग तुमचे तांदूळ आम्हाला कसे चालावेत?"

मला राग आला. घरी येऊन मी वहीतून त्यांचं नाव खोडलं. हो, खोडलं. तांबडी रेघ मारून.

रात्री आबांना सांगितलं, कौतुकाच्या अपेक्षेनं. आबा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "तुझ्या आजोबांना पाटलाच्या वाड्याबाहेर वरून ओंजळीत पाणी ओतायचे. ओतणाराही धर्मच करत होता." एवढं बोलून ते कुशीवर वळले. पुढच्या शनिवारी मी गेलो तर खोलीला कुलूप. शेजाऱ्यांनाही काही सांगता येईना. मावशी मला पुन्हा भेटल्या नाहीत.

म्हणून सांगतो, आधी पाणी माग. द्यायच्या आधी घे.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. योहान 4 पुन्हा वाच. थकलेला येशू विहिरीपाशी बसतो आणि शोमरोनी बाईला पहिलं वाक्य काय बोलतो? मला प्यायला पाणी दे. जिवंत पाण्याची गोष्ट नंतर. यहूदी शोमरोन्यांची भांडीसुद्धा वापरत नसत, असाही त्या वचनाचा अर्थ काही अभ्यासक लावतात. हा अर्थ कळायला नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती माणसाला टीकाग्रंथ लागत नाही. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा; मधल्या काळात दुसऱ्याच्या हातचं पाणी त्यांना किती जड गेलं, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. आणि ज्यांच्या आजोबांना ओंजळ धरावी लागली ते आपण आज बाटली घेऊन फिरतो!

केडगावचं बघ. पंडिता रमाबाईंनी आईवडील दुष्काळात गमावले होते, भूक त्यांना ऐकून माहीत नव्हती. त्यांनी भाषांतर केलेलं बायबल तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्याच बायकामुलींनी खिळे जुळवून छापलं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6: ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं म्हणून कुरकुर झाली, तेव्हा निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक. तक्रार ज्यांची, पळी त्यांच्याच हातात. आपल्या दयासेवा समितीत पिशवी घेणाऱ्यांपैकी एक तरी आहे का? मी हे तीन बैठकांत विचारलं. चौथ्या बैठकीचं मला बोलावणं आलं नाही.

मला तिथे "चहावाले डीकन" म्हणतात. म्हणू देत. माझ्यामुळे वाटप लांबतं म्हणतात. लांबू दे. डॉक्टर साखरेवरून ओरडतात, म्हणून मी अर्धा कप घेतो. पोट दोनदा बिघडलं, तेही सोसलं. मी चुकतोय असं मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. फक्त तुझी काकू एकदा म्हणाली, "सगळ्या वस्तीत चहाला बसता, माझ्याजवळ कधी बसलात?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो भाग वेगळा.

तू आनंदाचं विचारलंस. रोमकरांस पत्रात पौल सांगतो, दया करणाऱ्यानं ती हर्षानं करावी. मूळ ग्रीक शब्द हिलारोतेस, इंग्रजीतलं हिलॅरिटी त्याच घराण्यातलं. हे हसू उभ्या उभ्या येत नाही गं. परवा एका आजींनी माझ्या भजनाच्या वरच्या सुराची अशी नक्कल केली की हसताना माझ्या बशीतला चहा सांडला. घरी आलो तेव्हा मला काही रिकामं वाटलं नाही. त्या दिवशी पिशवी द्यायची राहूनच गेली होती, ती दुसऱ्या दिवशी नेऊन दिली.

शनिवारी चार वाजता चर्चच्या फाटकाशी ये. अठरा नाही, पाचच घरं घेऊ; समितीला काय सांगायचं ते मी बघतो. पहिल्या घरी चपला बाहेर काढ आणि बस. मी मध्ये बोलणार नाही. आणि ती बाटली घरी ठेवून ये.

तुझा काका