कोबा ओतत नाहीत, कोबा कुटतात

विचारलंय असं की कोबा आणि प्लास्टर यात फरक काय, आणि 'खोलीत कोबा ओतून घेतला' हे बरोबर आहे का.

नाही हो, अजिबात नाही! हे 'ओतलेला कोबा' हल्ली इतक्या जणांच्या तोंडी ऐकतोय की डोकं उठतं. प्लास्टर भिंतीला आणि कोबा जमिनीला नाहीतर गच्चीला, एवढं सगळ्यांनाच माहितीये, ते सोडा. खरी गंमत शब्दात आहे. कोबा हे मालाचं नाव नाहीच, ते कामाचं नाव आहे. फारसीत कूब किंवा कोब म्हणजे कुटणं, आणि कोबा म्हणजे कुटायचं साधन, आपली धुम्मस किंवा मोगरी. याच क्रियापदाचं दुसरं रूप कोफ्ता, म्हणजे 'कुटलेलं'. हो, तोच ताटातला कोफ्ता! पायाखालची जमीन आणि ताटातला गोळा सख्खी भावंडं आहेत, मला तर हे कळलं त्या दिवशी झोप लागली नाही. फ चा ब कसा झाला म्हणाल तर फारसीत हे नेहमीचंच, याफ्तन म्हणजे मिळणं, त्यातलं याब घेतलं की आपला नायाब, म्हणजे न मिळणारा.

काही जाणकार ठासून सांगतात की कोंबून भरतात म्हणून कोबा. मग अनुस्वार कुठे गेला? कोंब, कोंबडा, कोंबणं सगळीकडे तो शाबूत आणि नेमका इथेच गळाला? दुसरे इंग्रजीतल्या कॉबकडे धावतात, पण तो कॉब म्हणजे माती आणि पेंढा तुडवून रचलेली भिंत, त्याचा जमिनीशी संबंध काय? आवाज जुळला की नातं लावायचं, ही कसली व्युत्पत्ती.

आणि जुनं काम बघितलं तर शंकाच उरत नाही. भिजवलेला चुना आणि विटांचे तुकडे पसरायचे, मग माणसं ओळीने बसून लाकडी थाप्यांनी दिवसचे दिवस कुटत राहायची, मधेमधे पाणी शिंपडत, आणि थापीचा वण उठेनासा होऊन ती टणकन उसळायला लागली की काम झालं. सिमेंटचा यात काय संबंध? पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच १८२४ चं, आणि आपल्याकडे पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट यायला लागलं १९१४ मध्ये. चुना गेला, सिमेंट आलं, कुटणं हळूहळू बंद झालं, नाव मात्र तसंच राहिलं. इंजिनिअर लोकांनी तर त्याला इंग्रजीत नेऊन 'ब्रिकबॅट कोबा' केलं, ब्रिकबॅट म्हणजे विटेचा तुकडा, आणि टेंडरमध्ये बीबीसी लिहितात!

गिलाव्याचंही, म्हणजे प्लास्टरचंही, तसंच. फारसीत गिल म्हणजे माती, आब म्हणजे पाणी, गिलाबा म्हणजे कालवलेला चिखल. आज त्यात मातीचा कण नसतो तरी सिमेंटचा गिलावा म्हणतोच आपण, आणि त्याला माझी हरकत नाही, कारण निदान तो अजून थापीने लिंपतात तरी. कोब्यात मात्र कुटणं हाच अर्थ आहे, तोच काढून टाकल्यावर उरतं काय?

तेव्हा मिक्सर लावून पातळ काँक्रीट ओतलं असेल तर सरळ काँक्रीट म्हणा. विटांचे तुकडे बसवून, उतार देऊन, वरून ठोकून घेतलं असेल तर कोबा म्हणा, मी काही बोलणार नाही.