जुन्या कॉर्ग एम वनवर 'बॅटरी लो' येतंय, हाउस-टेक्नोसाठी घ्यावा की ट्रायटन बघावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिक रोडला ऑर्केस्ट्रात वाजलेला कॉर्ग एम वन हा जुना सिंथेसायझर (कीबोर्ड) विकायला आहे, चालू केला की स्क्रीनवर 'बॅटरी लो' येतं, एका रिपेअरिंगवाल्याने बोर्ड गेलाय असं सांगितलंय, आणि तुम्हाला ईडीएम (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक) करायचंय, म्हणून हा घ्यावा की कॉर्गचाच नंतरचा ट्रायटन, हे ठरत नाहीये.

बोर्ड गेलेला नाही. 'बॅटरी लो'चा अर्थ आत तीन व्होल्टचा सीआर २०३२ सेल संपत आलाय, एवढाच. एम वन १९८८ साली बाजारात आला. त्याचे शंभर प्रोग्रॅम (एकेक टोन) आणि शंभर कॉम्बिनेशन (अनेक टोन एकत्र बांधलेले) ज्या मेमरीत राहतात, ती वीज बंद झाल्यावर या सेलवर जगते. कंपनीने दिलेले टोनसुद्धा त्याच मेमरीत असतात, रॉममध्ये, म्हणजे न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, फक्त मूळ सॅम्पल्स (ध्वनिमुद्रित आवाज). त्यामुळे सेल काढला की 'पियानो १६'ही गेला आणि 'ऑर्गन २'ही गेला. हे माहीत नसलेले लोक मशीन उघडतात आणि मग बोर्डावर खापर फोडतात.

पंचवटीतल्या एका बँजो पार्टीचा एम वन असाच माझ्या टेबलावर आला होता. तक्रार होती की कुठलीही पट्टी दाबली तरी आवाज नाही. स्क्रीनवर टोनच्या नावांच्या जागी नुसती विचित्र अक्षरं. एका दुकानात आधी उघडला गेला होता; तिथे बॅकअप न घेता सेल उपटला आणि नवा लावून परत दिला, वर 'मेन आयसी उडालाय' हे निदान. सोल्डर चकचकीत, सेलची पोलॅरिटी बरोबर, मल्टिमीटरवर ३.२ व्होल्ट, म्हणजे काम वाईट नव्हतं, फक्त क्रम उलटा होता. कंपनीचे मूळ टोन मिडीवरून (वाद्यं आणि कॉम्प्युटर जोडणाऱ्या केबलवरून) परत भरले आणि मशीन पहिल्यासारखं बोलायला लागलं. पण त्या वादकाने वर्षानुवर्षं मिरवणुकीसाठी बांधलेली कॉम्बिनेशन, ब्रासच्या खाली स्ट्रिंग्ज, डाव्या हाताला बेस, स्प्लिट (डाव्या-उजव्या टोनची हद्द) कुठल्या पट्टीवर हे सगळं, ती कुठून आणणार? ती कुठल्याच फाइलमध्ये नव्हती. आजही कुणी 'आधी सेल बदलू, मग बघू' म्हणालं की मी तिथेच थांबवतो. आधी डंप, म्हणजे मेमरीतला सगळा डेटा कॉम्प्युटरवर उतरवणं, मग स्क्रू ड्रायव्हर.

डंप असा घ्या. एम वनचं मिडी आउट कॉम्प्युटरला जोडलेल्या मिडी इंटरफेसच्या इनला, मिडी इन त्याच्या आउटला. ग्लोबल मोडमध्ये जाऊन मिडी फिल्टरमध्ये एक्सक्लुसिव्ह सुरू करा. कॉम्प्युटरवर विंडोज असेल तर मिडी-ऑक्स, मॅक असेल तर सिसेक्स लायब्रेरियन उघडा, रेकॉर्डिंगला लावा आणि ग्लोबलमधूनच सगळा डेटा डंप करा. मिडीचा वेग सेकंदाला ३१२५ बाइट, त्यामुळे काम काही सेकंदांचंच आहे. दोन वेळा घ्या आणि दोन्ही फाइलींचा आकार सारखा आहे का बघा. ऑनलाइन मिळणाऱ्या अगदी स्वस्त यूएसबी-मिडी केबली नोट्स नीट पाठवतात, पण लांब सिसेक्स (म्हणजे हाच एक्सक्लुसिव्ह डेटा) संदेश मधेच तोडतात. दोष एम वनचा नसतो, केबलमधल्या तोकड्या बफरचा असतो. नावाजलेला इंटरफेस एक दिवस उसना आणा.

परत भरताना मेमरी प्रोटेक्ट (मेमरीवर लिहायला असलेली बंदी) बंद हवं. आणि जिथे सगळे अडकतात ती गोष्ट म्हणजे मेमरी अ‍ॅलोकेशन. एम वन दोन प्रकारे मेमरी वाटतो: शंभर प्रोग्रॅम, शंभर कॉम्बिनेशन आणि ४४०० नोट्सचा सीक्वेन्सर (आतला नोट्स साठवून वाजवणारा रेकॉर्डर), किंवा पन्नास-पन्नास आणि ७७०० नोट्स. फाइल ज्या वाटणीची असेल, मशीन त्याच वाटणीवर असायला हवं, नाहीतर लोड होत नाही आणि तुम्ही केबलला शिव्या घालत बसता.

सेल बदलताना वायर भिंतीतून काढलेली हवी, नुसता स्विच बंद करून भागत नाही. आत २३० व्होल्ट स्विचपर्यंत आलेले असतात. जुना सेल टॅग लावून बोर्डावर सोल्डर केलेला असतो. डीसोल्डर पंपाने सोल्डर ओढा, बोर्डावरची तांब्याची पट्टी (ट्रॅक) खेचू नका. नव्या सेलवर थेट सोल्डरिंग कधीच करायचं नाही, लिथियम सेल तापला की फुटतो. कॉइन सेलचा होल्डर बसवा. जागा नसेल तर पाच-सहा सेंटिमीटरच्या दोन वायरी काढून होल्डर आतल्या पत्र्याला डबल टेपने चिकटवा आणि खाली इन्सुलेशन द्या. पुढच्या वेळी सोल्डरिंग आयर्न तापवावं लागणार नाही. सेल आणि होल्डर नाशिकमध्ये मिळतात. एखादा अडलेला पार्ट लागला तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेच.

आता ईडीएमचं. 'एम वनच्या फिल्टरला रेझोनन्स नाही, म्हणून तो डान्स म्युझिकला निरुपयोगी' हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की इथे लिहूनच टाकतो: साफ चूक आहे. रेझोनन्स (फिल्टरच्या कडेचा आवाज उठवून चिरका करणारी सोय) नाही हे खरं. अ‍ॅसिड हाउसची चिरकी बेस लाइन त्यातून निघणार नाही हेही खरं. पण नव्वदच्या दशकातला हाउस ज्या पियानो आणि ऑर्गनवर उभा राहिला, तो याच मशीनमधला 'पियानो १६' आणि 'ऑर्गन २'. त्यांची ताकद सुरुवातीच्या टकटकीत ठोक्यात आणि मधल्या फ्रीक्वेन्सींच्या काहीशा पातळ आवाजात आहे. किकच्या वर ते स्वच्छ ऐकू येतात, जिथे खऱ्या ग्रँड पियानोचं सॅम्पल चिखल करतं. फिल्टर स्वीप हवाच असेल तर रेकॉर्ड केल्यावर कॉम्प्युटरमध्ये द्या.

पियानोसाठी मधल्या दोन सप्तकांत तीन स्वरांचे कॉर्ड, १२० ते १२८ बीपीएम, सगळ्या नोट्सची व्हेलॉसिटी (दाबण्याचा जोर) साधारण सारखी. एम वनमधला रिव्हर्ब बंद करून कोरडा आवाज घ्या, कारण एकदा रेकॉर्ड झालेला रिव्हर्ब काढता येत नाही. मग १५० हर्ट्झखालचं कापा आणि कॉम्प्रेसर ४:१ लावा, अटॅक दहा मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा म्हणजे ठोका दबत नाही. ऑर्गनवर बेस वाजवायचा तर डावीकडच्या दोन सप्तकांत, नोट्स आखूड, प्रोग्रॅम एडिटमध्ये रिलीज कमी. खालचा भाग त्यात पोकळ असतो, शंभर हर्ट्झखाली साध्या साइन वेव्हचा सब (सगळ्यात खालचा बेस) जोडा. आणि नाशिक ढोलाचा लूप घालणार असाल तर (आपल्याकडे कोण घालत नाही!) ढोलाची धुम आणि सब एकाच जागी आदळतात. त्या बारमध्ये सब बंद ठेवा, ढोलाला जागा द्या.

कॉम्बिनेशनच्या मोहात पडू नका. मशीनचे एकूण आवाज सोळा. डबल मोडचा प्रोग्रॅम एका पट्टीला दोन खातो, म्हणजे आठच नोट्स. दोन डबल प्रोग्रॅम एकावर एक ठेवले की पट्टीला चार, म्हणजे चार स्वरांचा एक कॉर्ड दाबला की मशीन भरलं. पुढचा कॉर्ड मागच्याची शेपटी कापतो आणि लोक म्हणतात की-बेड (पट्ट्यांचा साचा) खराब आहे. जाड आवाज हवा तर एकेक लेयर वेगळा रेकॉर्ड करा.

एम वनचे आठही ट्रॅक कॉम्प्युटरवरून एकाच मिडी केबलने वाजवाल तर ढिलेपणा ऐकू येईल. एका नोटला तीन बाइट, म्हणजे जवळपास एक मिलिसेकंद. आठ नोट्स एकदम आल्या तर शेवटची सात-आठ मिलिसेकंद मागे पडते. किक कॉम्प्युटरमधूनच द्या. आफ्टरटचचा (पट्टी दाबून ठेवल्यावरच्या दाबाचा) डेटा वापरत नसाल तर फिल्टरमध्ये बंद करा, तो उगीच केबल भरून टाकतो.

बघायला जाल तेव्हा प्रत्येक पट्टी हळू आणि मग जोरात दाबा. एखादी पट्टी हळू दाबूनही जोरात वाजत असेल किंवा मुकी राहत असेल तर खालचे कार्बन कॉन्टॅक्ट मळलेत. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले की बहुतेक वेळा जमतं. बटणं दोनदा दाबावी लागत असतील तर टॅक्ट स्विच बदला, स्वस्त काम आहे. स्क्रीन अंधूक आणि आतून बारीक किणकिण येत असेल तर जुनी ईएल बॅकलाइट (स्क्रीनमागचा दिवा) थकली आहे. एलईडीवर नेताना तिचा इन्व्हर्टर आधी तोडा, तो उच्च व्होल्टेज देतो. मागची पाटी न वाचता प्लग लावू नका. जपानहून आलेलं मशीन १०० व्होल्टचं असतं, अमेरिकेतलं १२० चं. त्यांना योग्य व्होल्टेजचा स्टेपडाउन लागतो, शंभर व्हीए पुरतो. लॅपटॉपला जोडल्यावर गुणगुण आली तर चार्जर काढून बघा, थांबली तर ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (मधे लावायचा, गुणगुण तोडणारा डबा) लावा.

ट्रायटनबद्दल: १९९९चा, ६२ आवाज, रेझोनन्स, आर्पेजिएटर (कॉर्डचे स्वर एकेक करून वाजवणारा), सॅम्पलिंग, सगळं आहे. पण तो वेगळ्या आवाजाचा आहे आणि त्याची टचस्क्रीन गेली तर खर्च एम वनच्या सेलसारखा किरकोळ नसतो. टच सगळ्या कोपऱ्यांत चालतोय का तेवढं बघा.

आणि एक, जे आधी लिहायला हवं होतं. फक्त ते दोन टोन हवे असतील तर एम वन कॉर्गच्याच सॉफ्टवेअरमध्ये आणि आयपॅडवर मिळतो. कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत तर रेझोनन्सही घातलाय. तयार मिक्समध्ये फरक कुणी ओळखेल असं मला वाटत नाही. हार्डवेअर घ्यायचं ते पट्ट्यांसाठी आणि स्टेजवर लॅपटॉप न ठेवता वाजवण्यासाठी. तसं असेल तर घ्या, पण व्यवहाराआधी मालकाच्या घरीच डंप घ्या आणि एक प्रत त्यालाही द्या. त्याने बांधलेले टोन त्याचेच आहेत.