एसटीच्या विनंती थांब्याजवळ झुडपं रस्त्यावर आली आहेत, शाळेची मुलं तिथे उभी राहतात. तक्रार कुठे करू?

आधी रस्ता कोणाचा ते शोधा. थांबा एसटीचा असला तरी कडेची झाडी काढणं हे रस्ता सांभाळणाऱ्याचं काम. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग साधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, गावरस्ते जिल्हा परिषदेकडे असतात. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ ला फोन करा.

अर्जात ‘झाडी वाढली’ एवढंच लिहू नका. खरा धोका लिहा: घाणेरी आणि वेडी बाभूळ साइडपट्टीवर आली की उभं राहायला जागा उरत नाही. चालकाला माणूस दिसत नाही, म्हणून मुलं हात दाखवायला डांबरावर येतात आणि वळणावरून येणाऱ्या गाडीला ती अगदी शेवटच्या क्षणी दिसतात. चालकाच्या बाजूने, रस्त्यावरून काढलेला फोटो जोडा. थांब्यावरून काढलेल्या फोटोत हे कळत नाही. किलोमीटरच्या दगडावरचा आकडाही लिहा. अर्जाची पोच घ्याच.

पावसाळ्यात एकदा छाटून भागत नाही, महिन्याभरात पुन्हा वाढतं. त्यामुळे गणपतीच्या सुमारास दुसऱ्या छाटणीची मागणी त्याच अर्जात करा. तोवर मुलांना वळणापासून लांब, मोकळ्या जागी उभं करा आणि आगारात सांगून ठेवा.