कुकर लावताना शिट्ट्या मोजू नका
तूरडाळ धुऊन अर्धा तास भिजवा. वाटीभर डाळीला अडीच वाट्या पाणी, चिमूटभर हळद, थेंबभर तेल. चिंच-आमसूल आत्ता नको, आंबटात डाळ टणक राहते. कुकरच्या तळाशी दोन वाट्या पाणी, त्यात डाळीचा डबा, वर भाताचा. डाळीचा डबा अर्ध्यापर्यंतच भरा, नाहीतर डाळ उतू जाऊन शिट्टीत अडकते.

पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक, दहा मिनिटांनी बंद. आत १२० अंशांच्या आसपास तापमान असतं. मोठ्या आचेने ते वाढत नाही, जादा वाफ नुसती शिट्टीतून जाते. पुढच्या शिट्ट्या म्हणजे वाया गेलेला गॅसच! वाफ आपोआप जिरू द्या, तोवर शिजणं चालूच असतं. कडेने वाफ फुसफुसली तर आधी रिंग बघा, सैल पडली असेल.