प्राणी आणि चित्रं : वाचकांची माकडं

या महिन्याच्या टपालात माकडंच माकडं आली. त्यातले निवडक प्रश्न.

प्रश्न : शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलांकडून इजिप्तच्या थोथ देवाचा बसलेला बबून काढून घेते आहे. कितीही सुधारला तरी तो केस फुगवलेलं आपलं लाल तोंडाचं माकडच दिसतो. चुकतंय कुठे? (कलाशिक्षिका, गुहागर)

तोंडात. कौलांवर रोज दिसणाऱ्या माकडाचं तोंड आखूड असतं आणि मुलांचा हात आपसूक तसाच वळतो. बबूनचं तोंड कुत्र्यासारखं पुढे आलेलं, नाकपुड्या अगदी टोकाला. बाजूने काढताना डोळ्यापासून नाकाच्या टोकापर्यंतचं अंतर डोळ्यापासून डोक्याच्या मागच्या कडेपर्यंत असतं तेवढं तरी ठेवा. एवढ्यानेच अर्धं काम होईल.

उरलेलं अर्धं आयाळीत आहे. इजिप्तच्या कलेत दिसतो तो बहुतेक वेळा हमद्रियास बबूनचा नर. त्याच्या गालांपासून खांद्यांवर उतरणारे रुपेरी-करडे केस तिथला शिल्पकार सुटे दाखवत नाही. डोक्यामागून कोपरापर्यंत एकच घंटेसारखा आकार घडवतो आणि त्यावर बटांच्या रांगा कोरतो. तेव्हा आधी हा बाहेरचा आकार, मग त्यातून निघून गुडघ्यांवर टेकलेले हात, मग जमिनीलगत अंगाला वळसा घालणारी शेपटी. केस सगळ्यात शेवटी. मुलं केसांपासून सुरुवात करतात आणि चित्र फुगत जातं. मादी काढायची असेल तर आयाळ नको. ती तपकिरी आणि वजनाने नराच्या साधारण निम्मी असते.

नमुना म्हणून इजिप्तमधल्या अल-अश्मुनैनचे क्वार्टझाइट या कठीण दगडाचे दोन बबून घ्या. तिसरा आमेनहोतेप या राजाच्या काळातले, सुमारे साडेचार मीटर उंच, आणि आकार इतका स्वच्छ की पाचवीतलं मूलही उतरवू शकेल. हात वर करून उगवत्या सूर्याला वंदन करणारे बबून हवे असतील तर लक्सरच्या ओबेलिस्कच्या, म्हणजे उंच दगडी स्तंभाच्या, पायथ्याचे चार बबून आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. ओबेलिस्क पॅरिसच्या चौकात उभा राहिला, पण उघडेवाघडे असल्यामुळे हे चौघे मात्र चौकात नकोत असं ठरलं!

प्रदर्शनाच्या पाटीवर ‘इजिप्तचा प्राणी’ असं लिहू नका. हा बबून इजिप्तच्या रानातला नव्हे, तो तांबड्या समुद्रावरून जहाजाने आणला जाई. देर अल-बहरी इथल्या हातशेप्सुत राणीच्या मंदिरात पुंत देशाहून परतणाऱ्या जहाजांवर बबून कोरलेले आहेत. ममी केलेल्या बबूनच्या ऊतींमधल्या स्ट्रॉन्शियमची तपासणी २०२० साली प्रसिद्ध झाली. प्राणी जिथे वाढतो तिथल्या जमिनीची खूण या मूलद्रव्यातून कळते. तपासणीचा रोख आजच्या इरिट्रिया, इथिओपिया आणि सोमालियाच्या पट्ट्याकडे आहे.

प्रश्न : ग्रीसच्या एका बेटावरच्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या भित्तिचित्रात आपलं काळ्या तोंडाचं वानर आहे म्हणतात. खरं का? (मालवण)

शक्य आहे, सिद्ध झालेलं नाही. थेरा बेटावरचं आक्रोतिरी हे गाव ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. तिथल्या एका खोलीच्या भिंतीवर खडकांवर चढणारी निळी माकडं आहेत. ती आफ्रिकेतली व्हर्व्हेट माकडं असावीत, असं बराच काळ मानलं जाई. २०२० मध्ये कलाइतिहासाचे आणि माकडांचे अभ्यासक एकत्र बसले आणि त्यांनी वानराच्या बाजूने कौल दिला. त्यांचा मुख्य आधार शेपटी. चित्रातल्या शेपट्या उंच उचललेल्या आणि बाकदार आहेत, तर व्हर्व्हेट ती सरळ किंवा खाली ठेवतं. निळा रंग हा करड्या रंगाऐवजी वापरण्याचा तिथला रिवाज. सिंधू खोऱ्याचा मेसोपोटेमियाशी व्यापार होता, त्या वाटेने ओळख पश्चिमेला गेली असावी, असा त्यांचा तर्क. तो मान्य नसलेले अभ्यासकही आहेत, आणि आम्हालाही नुसत्या शेपटीवर एवढा भार टाकणं जरा धाडसाचं वाटतं. चित्रकाराला बाकदार रेष आवडत असेल तर?

शेपटी पारखायचीच तर वानर चालत असताना बघा. फांदीवर बसल्यावर कुठल्याही माकडाची शेपटी खालीच लोंबते. तापी-गोदावरीच्या उत्तरेकडची वानरं चालताना शेपटी पाठीवरून पुढे, डोक्याकडे वळवतात. दक्षिणेकडच्यांचा, म्हणजे तुमच्या माडांवरच्यांचा, बाक मागे जातो.

जाता जाता : क्रीटमधल्या नोसोसच्या राजवाड्यातल्या एका चित्राचे तुकडे तिथलं उत्खनन करणाऱ्या आर्थर इव्हान्सच्या काळात जोडले गेले आणि ‘केशर वेचणारा मुलगा’ तयार झाला. मुलगा निळा का, याचं उत्तर पुढे शेपूट लक्षात आल्यावर मिळालं.

प्रश्न : दशावतारी गंजिफात (हाताने रंगवलेल्या पत्त्यांत) माकड कुठे येतं? (सावंतवाडी)

रामाच्या पानांवर. सगळ्या संचांत नाही. काहींत रामाची खूण बाण असते. १२० पानांच्या संचात दहा रंग, प्रत्येकी बारा पानं. राजा आणि प्रधान सोडले तर एक्क्यापासून दश्शापर्यंत खुणा मोजून काढायच्या, म्हणजे एका रंगात ५५ माकडं. एवढ्याशा जागेत चेहरा काढायच्या फंदात पडू नका. बसलेली पाठ आणि शेपटीचा एक फराटा पुरतो.

प्रश्न : आमच्या सड्यावरच्या एका कातळशिल्पाला गावात माकड म्हणतात. खात्री कशी करावी, आणि नोंद कशी करावी? (राजापूर तालुका)

आधी नोंद, नाव नंतर. गवत वाळलं की जा, आणि उजाडल्यावर तासाभरात किंवा मावळतीच्या आधी. तिरप्या उन्हात रेघांच्या कडेला सावली पडते. दुपारी बारा वाजता जांभ्यावर काहीच दिसत नाही. माती मऊ केरसुणीने झाडा. तारेचा ब्रश, खडू, रंग, तेल काहीही नको, आणि रेघांवर पाय देऊ नका.

एक मीटर बाय एक मीटरची लाकडी चौकट करून तिला दर दहा सेंटिमीटरवर सुतळी ताणा. चौकट सरकवत आलेखाच्या कागदावर दहा सेंटिमीटरला एक सेंटिमीटर या मापाने उतरवा. उत्तर दिशा आणि मोजपट्टी कागदावर आणि फोटोत, दोन्हीकडे हवी. फोटो बरोबर वरून काढा. पायाशी उभं राहून काढला की लांबचा भाग आखडतो आणि वाघाचंही माकड होतं. बहुतेक वाद इथूनच सुरू होतात.

मग शेपटी मोजा. वानराची शेपटी धडाहून लांब असते. ती तशी असेल, हातापायांची बोटं दाखवली असतील आणि तोंड आखूड असेल तर ‘बहुधा माकड’ असं लिहा. नुसती शेपटी लांब असेल तर ‘लांब शेपटीचा चौपाया’ एवढंच. रेघ झिजलेली असेल तिथे तुटक रेघ काढा, मनाने जोडू नका.

प्रश्न : जुन्या बाजारात एक छापील चित्र मिळालं. पांढऱ्या दाढीचा काळा म्हातारा काठी धरून उभा, मागे गोंड्याची शेपटी. हे कुठलं माकड, आणि चित्र खरंच जुनं आहे का? (अलिबाग)

वर्णनावरून सिंहपुच्छ माकड. १७५८ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने त्याला शास्त्रीय नाव दिलं. ते कोकणात नाही. सिरसी-होन्नावरच्या जंगलांपासून खाली केरळ-तामिळनाडूपर्यंत सापडतं. दाढी म्हणजे चेहऱ्याभोवतीची करडी-पांढरी आयाळ. युरोपातल्या चित्रकारापुढे अनेकदा पेंढा भरलेलं कातडंच असे. ताणलेल्या कातड्याने हातपाय लांबतात आणि उभं केलं की माणूस तयार होतो. काठीही तिथलीच परंपरा : एडवर्ड टायसनच्या १६९९ च्या ग्रंथातला चिंपांझीसुद्धा काठी टेकून उभा आहे. पुढच्या पुस्तकांनी मागच्यांवरून नकला केल्या. तांब्याच्या पत्र्यावर चित्र जसंच्या तसं कोरलं की कागदावर उलटं उमटतं, म्हणून तुमच्या चित्राचं आरशातलं रूप दुसऱ्या पुस्तकात सापडलं तर दोहोंपैकी एक नक्कल धरा.

जुनेपणासाठी दहापट भिंग लावा. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर छपाई अलीकडची. सलग रेघा, त्यांच्या बाहेर थोडा ओघळलेला हाताचा रंग, आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाब बोटाला लागत असेल तर तांब्याच्या पत्र्यावरून केलेली छपाई. दाब नसला म्हणून लगेच टाकून देऊ नका, पुष्कळदा कडा कापलेल्या असतात.

लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टीही नको. आम्लमुक्त पुठ्ठ्याची चौकट घालून काच कागदाला टेकणार नाही असं बघा. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावून ती आतल्या भिंतीवर टांगा; पावसाळी वाऱ्याच्या बाजूची भिंत घाम धरते. बुरशी आलीच तर ओलं फडकं लावू नका. सावलीत हवेशीर सुकवा आणि घराबाहेर नेऊन मऊ ब्रशने झाडा.