मला राग येतो, मला यमन येतो

वेंगुर्ल्याच्या एका ताईंनी विचारलं आहे : "माझी मुलगी पेटी शिकायला लागली. पहिल्याच आठवड्यात ती आजीला म्हणाली, 'मी भूप राग शिकतंय.' आजी म्हणाली, 'राग शिकूक कित्याक व्हयो? तो आपसूक येता.' सगळे हसलो. पण नंतर मुलीने विचारलं, गाण्यातला राग आणि भांडणातला राग हा एकच शब्द का? आणि एकच असेल तर संताप दाखवणारा राग कोणता? शिवाय 'भूप राग' लिहायचं की 'राग भूप'?"

शब्द एकच आहे. संस्कृतात 'रञ्ज्' हा धातू आहे, अर्थ रंगणे, रंगवणे, आणि त्यातही तांबडं होणे. त्याच्यापासून रंग, रंजन, रक्त, राग ही सगळी भावंडं निघाली. 'राग' म्हणजे मुळात रंग, लाली. तिथून मनाला लागलेला रंग, म्हणजे ओढ, आसक्ती. अनुराग, विराग, वैराग्य हे शब्द याच अर्थावर उभे आहेत. विरक्त म्हणजे ज्याचा रंग उतरला तो.

संस्कृतातल्या रागात संताप नाही, याचा पुरावा गीतेत आहे. दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला 'वीतरागभयक्रोधः' म्हटलंय. राग वेगळा, क्रोध वेगळा. राग म्हणजेच क्रोध असता तर एका समासात दोन्ही घालायचं कारण नव्हतं. हिंदीत आजही राग म्हटलं की गाण्यातला, नाहीतर 'राग-द्वेष' मधला. मराठीने आणि कोकणीने मात्र या शब्दाला संतापाच्या दावणीला बांधलं. का, तर मला वाटतं चेहऱ्यावरून. माणूस संतापला की लालबुंद होतो, डोळ्यांत रक्त उतरतं. लाली तीच राहिली, फक्त तिचं कारण बदललं.

पण भाषेने दोघांची वाटणी फार चोख केली आहे. संतापाच्या रागाला अनेकवचन नाही, गाण्याच्या रागाला आहे. रागीट, रागावणे, रागारागाने हे सगळं एकीकडे गेलं. रागदारी, रागिणी दुसरीकडे. संताप 'येतो', तोही 'मला' येतो. मी तो करत नाही, तो माझ्यावर येऊन आदळतो. गाण्यातला राग आपण गातो, मांडतो, उभा करतो. आणि तरीही एका ठिकाणी दोघे परत भेटतात. मराठीत विद्याही 'येते'. मला पोहता येतं, मला यमन हा राग येतो. आजीचं 'आपसूक येता' तेवढं गाण्याच्या रागाला लागू नाही, त्याला वर्षं द्यावी लागतात.

आता मुलीच्या प्रश्नाचा दुसरा भाग, संताप दाखवणारा राग कोणता. ग्रंथात शोधलं तर उत्तर मिळाल्यासारखं वाटतं. भरताच्या नाट्यशास्त्रात स्वरांना रस वाटून दिले आहेत : मध्यम-पंचम हास्य-शृंगाराला, षड्ज-ऋषभ वीर, रौद्र आणि अद्भुताला, गंधार-निषाद करुणाला, धैवत बीभत्स-भयानकाला. पण ग्रंथाचं नाव विसरू नये. तो नाट्याचा ग्रंथ आहे. तिथे स्वरांच्या आधी रंगमंचावर कोणीतरी उभं आहे, त्याचं काहीतरी बिनसलेलं आहे.

आपला दशावतार घ्या. राक्षस आडपडद्यामागून येतो, पखवाज आणि झांज तापतात, आणि लहान पोर आईला बिलगतं. आता डोळे मिटून फक्त ती झांज ऐका. चतुर्थीला आरती चढत जाते तेव्हा तीच झांज, तोच वेग, तोच दणका. तिथे कोणी घाबरत नाही. नुसत्या वाद्यांना 'हा क्रोध' आणि 'हा आनंद' असं सांगता येत नाही. त्यांना एवढंच सांगता येतं की काहीतरी जोरात उसळतंय.

एदुआर्द हान्स्लिक या व्हिएन्नाच्या टीकाकाराने 1854 साली संगीतातल्या सौंदर्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि नेमका हाच मुद्दा धरला. संतापायला कोणीतरी लागतं आणि त्याने आपलं काहीतरी वाकडं केलंय ही कल्पना लागते. सूर ती कल्पना देऊ शकत नाहीत. ते देतात फक्त भावनेची हालचाल : चढणं, ओसरणं, थबकणं, धावणं. त्याने दाखला दिला तो ग्लुक या संगीतकाराच्या ऑपेरातला. नायक मेलेल्या बायकोसाठी गातो, 'माझी युरिडिसी हरवली.' त्याच सुरावर 'माझी युरिडिसी सापडली' म्हटलं तरी गाणं तितकंच बसतं. आमच्याकडच्या डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, बसलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. सिनेमातल्या प्रेमगीताच्या चालीवर बुवा अभंग म्हणतात आणि समोरचे हात जोडतात.

इथे मराठीतला दुसरा एक शब्द मला फार आवडतो : चाल. गाण्याची चाल आणि माणसाची चाल. हान्स्लिकने संगीताला नादातून हलणारे आकार म्हटलं. त्याला हे सांगायला एक पुस्तक लिहावं लागलं, आपल्या भाषेने ते दोन अक्षरांत ठेवलंय. दूरवरून बांधावरून येणारा माणूस ओळखू येतो तो चालीवरून. तो दमलाय की खुशीत आहे हेही कळतं. कशाने, ते कळत नाही.

पण हान्स्लिकपाशी मी थांबू शकत नाही, कारण 'राग' हा शब्दच त्याच्या पुढे जातो. मतंगाच्या बृहद्देशी या जुन्या संगीतग्रंथात रागाची व्याख्या आहे, 'रञ्जको जनचित्तानाम्', लोकांची मनं रंगवणारा. सांगणारा नव्हे, दाखवणाराही नव्हे. 'या रागाचा अर्थ काय' हा प्रश्न आपण चिठ्ठीला विचारावा तसा विचारतो. आत मजकूर आहे आणि तो वाचायचाय, अशा समजुतीने. रंगात मजकूर नसतो. रंग लागतो.

वैशाखात आमसुलं करताना पाहिलंय ना? रातांबे फोडून साल बाजूला काढतात, गराच्या रसात मीठ घालतात. साल त्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, सुकली की परत रसात. एका पुटाने काही होत नाही. पुटावर पुट चढलं की ती लाल साल काळपट होत जाते. राग असाच चढतो. गाणारा तेच पाच-सहा स्वर फिरून फिरून आणतो, आणि नवखा ऐकणारा म्हणतो, हे काय तेच तेच. ते पुट आहे.

म्हणून नुसत्या स्वरांच्या यादीत राग सापडत नाही. मुलीला पुढे कधीतरी देसकार राग शिकवतील. भूपाचेच पाच स्वर, सा रे ग प ध. भूप गंधारावर विसावतो, देसकार धैवतावर. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देसकार सकाळचा. माल एकच, रंग दोन. तिने पेटीवर दोन्ही वाजवून पाहावेत, माझं हे सगळं लिहिणं वाचण्यापेक्षा ते बरं.

रंगात वहिवाटही मिसळलेली असते, हे कबूल करायला हवं. भजन संपताना भैरवी लागली की गळा दाटतो. तो भैरवीच्या कोमल स्वरांमुळे किती आणि 'आता उठायचं' या सवयीमुळे किती, हे मला आजवर वेगळं करता आलेलं नाही. गोव्यातल्या फोंडा महालातल्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांच्या तबकडीवर बसून अंतराळात गेली. तिथे ती कोणाच्या कानी पडलीच तर त्याच्याकडे ना शब्द असतील, ना मैफल संपायची सवय. काय उरेल मग? चाल उरेल, एवढं मला वाटतं. रंग लागेल का, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

रंग लागायला माणसं लागतात, हे 'नारदीय शिक्षा' या जुन्या ग्रंथाने सांगून ठेवलंय. गाण्याच्या दहा गुणांत त्याने पहिला गुण दिलाय 'रक्त', आणि त्याचा अर्थ केलाय : वेणू, वीणा आणि गळा एकजीव होणं. माझ्या लहानपणी आमच्या देवळात एकादशीला भजन असायचं. पहिला तासभर बुवा एकीकडे, पखवाज दुसरीकडे, कोरस आपल्याच तंद्रीत. मग कधीतरी गजरात सगळं एकमेकांत मिसळून जायचं आणि मागे खांबाला टेकलेलं कोणीतरी म्हणायचं, "रंगला हां!" त्या माणसाने कुठलाच ग्रंथ वाचला नव्हता. 'रंगला' आणि 'राग' एकाच धातूचे आहेत हेही त्याला ठाऊक नसणार. पण शब्द त्याने मुळातल्या अर्थाने वापरला होता.

तेव्हा संतापाचा राग कोणता, याला माझं उत्तर : असा कुठलाच नाही. अडाणा या रागाला वीररसाचा म्हणतात, तो तडफेने उठतोही. पण अडाणा ऐकून कोणाला कोणाचा राग आलेला मी पाहिलेला नाही.

राहिला लिहिण्याचा प्रश्न. 'राग भूप' ही मांडणी हिंदीतून आणि मैफलींच्या फलकांवरून आपल्याकडे रुळली, चूक नाही. मराठी वळण 'भूप राग' असं, आणि बोलताना तर आपण 'राग' गाळूनच टाकतो. 'त्यांनी भूप गायला', 'शेवटी भैरवी झाली'. लिंगही त्या त्या नावाचं घ्यायचं : भूप गायला, भैरवी गायली. मुलीने आजीला नुसतं 'भूप शिकतंय' म्हटलं असतं तर आजीने बहुधा गाऊन दाखवायला सांगितलं असतं.