रशियन युद्ध 'देशभक्तीपर' कसं काय?

प्रश्न असा आलाय की जुन्या सोव्हिएत पुस्तकांच्या मराठी अनुवादात 'महान देशभक्तीपर युद्ध' असं येतं, ते दुसरं महायुद्धच ना, आणि गाणं देशभक्तीपर असतं, युद्ध कसं असेल?

तुम्हाला खटकलं ते बरोबरच खटकलं. मूळ रशियन आहे 'वेलीकाया ओतेचेस्त्वेन्नाया वोयना'. वेलीकाया म्हणजे महान, वोयना म्हणजे युद्ध, आणि मधला शब्द 'ओतेचेस्त्वो'वरून आलाय, त्यात 'ओतेत्स' म्हणजे बाप दडलाय, म्हणजे वाडवडलांची भूमी. देशभक्तीपर म्हणायला रशियनमध्ये 'पात्रिओतीचेस्की' असा वेगळा शब्द आहे, तो इथे नाहीच! इंग्रजीत 'पेट्रिऑटिक' झालं आणि मराठीतही तेच रुळलं. रशियन लोक रोजच्या बोलण्यात तर 'ओतेचेस्त्वेन्नाया' हेच विशेषण देशी बनावटीच्या गाडीला नाहीतर औषधालाही लावतात, आपण स्वदेशी म्हणतो तसं. म्हणजे यात भावनेपेक्षा 'आपल्या भूमीवरचं, आपलं' हे जास्त आहे.

आणि हे नाव 1941 मध्ये नव्यानं काढलेलं नाही. 1812 ला नेपोलियन मॉस्कोपर्यंत आला ते आधीचं 'ओतेचेस्त्वेन्नाया' युद्ध, आणि 22 जून 1941 ला सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोवनं रेडिओवर जर्मन हल्ल्याची बातमी दिली तेव्हा त्यानं नेपोलियनचीच आठवण काढली. ती आठवण लोकांच्या मनात जिवंत होती त्यात टॉलस्टॉयचा वाटा फार मोठा, तो जन्मला 1828 ला, म्हणजे 1812 त्यानं पाहिलेलंच नाही, तरी लोकांच्या डोळ्यासमोरचं 1812 बरंचसं 'युद्ध आणि शांती'तलंच. जर्मन फौजांनी लेनिनग्राड शहराला घातलेल्या वेढ्यात उपाशी माणसं ही कादंबरी वाचायची, आपण नीट वागतोय ना हे तिच्याशी ताडून बघायला, असं त्या वेढ्यात राहिलेल्या लेखिका लीदिया गिन्झबुर्गनं लिहून ठेवलंय. मला हे वाचून गलबलून आलं होतं.

पण हे नाव दुसऱ्या महायुद्धाला समानार्थी म्हणून वापरू नका. ते 22 जून 1941 ते 9 मे 1945 एवढ्याचंच, म्हणजे सप्टेंबर 1939 मध्ये सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये घुसल्या ते त्यातून आपोआप बाहेर राहतं. युक्रेननं 2015 मध्ये कायदा करून हे नाव सोडलं आणि 1939 ते 1945 चं 'दुसरं महायुद्ध' धरलं, त्यामागे हेही आहे.

मराठीत मी 'मायभूमीचं महान युद्ध' म्हणेन. बापाची आई झाली खरी, पण 1941 च्या त्या प्रसिद्ध पोस्टरवर हाक मारणारी बाईच आहे, आणि खाली लिहिलंय 'रोदिना-मात झोव्योत', मायभूमी बोलावतेय.